साडेनऊला लाईट जाणार होती: वीजबिलाच्या नावावर झालेल्या एका फसवणुकीचं प्रकरण

2022 सालात महाराष्ट्रभर लोकांच्या मोबाईलवर एक संदेश फिरत होता. आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा. महावितरणने त्याबद्दल वारंवार खुलासे केले, वर्तमानपत्रांनी छापले, तरी माणसं फसत राहिली. त्यातल्या एका घराचं हे प्रकरण आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील, वेळा आणि रकमा बदलल्या आहेत, घटनांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. तक्रारअर्ज लिहायला मदत हवी म्हणून त्यांची सगळी कागदं माझ्याकडे आली होती: बँकेचं खातेउतारा पुस्तक, मोबाईलवरच्या संदेशांचे फोटो, कॉलची यादी. त्यामुळे त्या रात्रीचा मिनिटामिनिटाचा हिशेब मांडता येतो.

असं प्रकरण कानावर आलं की लोक एका वाक्यात निकाली काढतात: ओटीपी दिला आणि फसले. गुरुजींचा खातेउतारा वेगळं सांगतो. त्यांच्या खात्यातून एकूण 1,64,500 रुपये गेले. फसवणूक झाली हे त्यांना कळलं, तेव्हा त्यातले 74,500 गेलेले होते. उरलेले 90,000 त्यानंतर गेले. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम, चोर घरात शिरलाय हे ठाऊक असताना गेली. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, आणि त्याबद्दल सर्वात कमी बोललं जातं.

संदेश

जूनचा दुसरा आठवडा. वळवाचा पाऊस येऊन गेलेला, मृगाचा सुरू होतोय. त्या भागात अशा दिवसांत लाईट जाणं नेहमीचं. तारेवर फांदी पडते, डीपीवरचा फ्यूज उडतो, आणि वायरमनला फोन लावत बसावं लागतं. संध्याकाळी 6 वाजून 42 मिनिटांनी गुरुजींच्या मोबाईलवर इंग्रजीत संदेश आला. मराठीत तो साधारण असा होईल:

"प्रिय ग्राहक, तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नसल्यामुळे आज रात्री 9.30 वाजता वीज कार्यालयातून तुमचा वीजपुरवठा खंडित केला जाईल. ताबडतोब आमच्या वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा." खाली एक दहा आकडी मोबाईल क्रमांक.

गुरुजींनी बिल भरलं होतं. पतसंस्थेतल्या भरणा केंद्रात, रोख, मुदतीच्या आत. पावती टेबलाच्या खणात होती. मग ते घाबरले का? कारण संदेशात बिल भरलं नाही असा आरोपच नव्हता. भरलेलं नोंदवलं गेलं नाही, एवढंच म्हटलं होतं. हे फार विचार करून रचलेलं आहे. थकबाकीचा आरोप केला असता तर पावती असलेला माणूस निर्धास्त राहिला असता. नोंद झाली नाही म्हटलं की बिल न भरणारा घाबरतो आणि वेळेवर भरणारा त्याहून जास्त घाबरतो, कारण आपण चोख असूनही आपल्या दारात अंधार होणार, शेजारीपाजारी बघणार, ही त्याला सोसवणारी गोष्ट नसते. केंद्रात भरलेले पैसे वर पोहोचायला एखाददुसरा दिवस लागतो हेही गुरुजींना माहीत होतं. त्यांना वाटलं, तिथेच काहीतरी राहिलं असणार.

रात्री साडेनऊची वेळही मुद्दाम निवडलेली. सहा वाजून गेल्यावर उपविभागीय कार्यालय बंद. वायरमन फोन उचलेलच असं नाही. हातात तीन तास, म्हणजे काहीतरी करण्याइतके भरपूर आणि कुणाला विचारण्याइतके कमी. (महावितरणचा 1912 हा क्रमांक रात्रीही चालू असतो. पण घाईत माणूस समोर दिसतो त्याच क्रमांकावर फोन करतो.)

आता संदेशात काय नव्हतं ते पाहा. गुरुजींचं नाव नव्हतं. महावितरणच्या प्रत्येक बिलावर असतो तो 12 आकडी ग्राहक क्रमांक नव्हता. बिलाची रक्कम नव्हती, देय तारीख नव्हती. आणि पाठवणाऱ्याच्या जागी साधा मोबाईल नंबर होता. कंपन्या ग्राहकांना जे संदेश पाठवतात ते दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांनुसार नोंदणी केलेल्या शीर्षकावरूनच जायला हवेत. महावितरणचे संदेश येतात तेव्हा वर कुणाचा नंबर दिसत नाही, 'व्हीएम-एमएसईडीसीएल' किंवा त्यासारखी अक्षरं दिसतात. खासगी मोबाईलवरून महावितरण वीज तोडण्याचा इशारा देत नाही आणि अशा क्रमांकावर संपर्क साधायलाही सांगत नाही.

याच्याही आधीची गोष्ट कायद्यात आहे. विद्युत अधिनियम 2003 चं कलम 56 सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर ग्राहकाला किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तीन तासांच्या मुदतीवर कुणाचीही लाईट थकबाकीपायी तोडता येत नाही, खरोखर सहा महिन्यांचं बिल थकलेलं असलं तरी. हे एक वाक्य गुरुजींना माहीत असतं तर प्रकरण 6 वाजून 42 मिनिटांनी संपलं असतं. चाळीस वर्षं बिल भरणाऱ्या माणसाला ते माहीत नव्हतं. दोष त्यांचा मानायला मी तयार नाही. दर महिन्याच्या बिलाच्या पाठीमागे इतका मजकूर असतो, त्यात हे वाक्य पुढच्या बाजूला, ठळक अक्षरात यायला काय हरकत आहे?

फोनवर

गुरुजींनी 7 वाजून 5 मिनिटांनी फोन केला. व्यग्र लागला. दोन मिनिटांत तिकडून फोन आला, हिंदीत. "सर, आपका बिल तो भरा हुआ दिख रहा है, लेकिन सिस्टम में अपडेट नहीं हुआ है." बोलणं अदबीचं. मागे इतर माणसांचे फोनवर बोलण्याचे आवाज, एखाद्या कार्यालयात असतात तसे. गुरुजींनी पावतीचा क्रमांक सांगितला, त्याने तो लिहून घेतल्यासारखा परत म्हणून दाखवला. इथे विश्वास बसला.

मग मागणी आली ती 10 रुपयांची. दहा रुपये ऑनलाईन भरा, म्हणजे खातं सिस्टीमशी जोडलं जाईल. दहा रुपयांसाठी कोण फसवेल, असंच कुणालाही वाटेल. त्या माणसाला दहा रुपये नकोच होते. गुरुजी दहा रुपये भरताना स्क्रीनवर काय करतात ते त्याला पाहायचं होतं.

त्यासाठी आधी एक ॲप उतरवायला लावलं. टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट. हे ॲप बनावट नाही. कंपन्यांचे तंत्रज्ञ लांबून संगणक दुरुस्त करायला ते रोज वापरतात, आणि ते अधिकृत प्ले स्टोअरवर मिळतं. म्हणूनच फोनने कसलाही धोक्याचा इशारा दिला नाही. याच जातीचं दुसरं ॲप एनीडेस्क, आणि त्याचा असा गैरवापर होतो याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. ॲप उघडल्यावर दिसणारा आकडी क्रमांक गुरुजींनी वाचून दाखवला, परवानगीची चौकट आली तिथे 'होय' दाबलं, आणि त्या क्षणापासून त्यांचा फोन दोन ठिकाणी दिसू लागला. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक फाईल आली, 'बिल अपडेट' अशा नावाची. तीही उतरवायला लावली. तिने संदेश वाचायची परवानगी मागितली, ती दिली गेली. ही दुसरी फाईल पहिल्यापेक्षा घातक होती. फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस ती गुपचूप दुसऱ्या क्रमांकावर पाठवत होती.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. गुरुजींकडे बँकेचं अधिकृत ॲप होतं. ते उघडायला लागले तर त्या माणसाने थांबवलं: "ॲप में नहीं सर, क्रोम में बैंक की साइट खोलिए." कारण बहुतेक बँकांची ॲप्स स्क्रीन दुसरीकडे दिसू देत नाहीत, पलीकडे नुसता काळा पडदा दिसतो. ब्राउझरमध्ये तसं संरक्षण नसतं. पासवर्ड टाकताना चौकटीत ठिपके दिसतात खरे, पण खालच्या कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक अक्षर क्षणभर मोठं होऊन वर येतं. पलीकडचा माणूस ते वाचत होता. दहा रुपयांचा व्यवहार दोनदा 'अयशस्वी' झाला, म्हणजे पासवर्ड त्याला दोनदा वाचायला मिळाला.

7 वाजून 38 मिनिटांनी 25,000 रुपये गेले. 7.41 ला 49,500. बचत खात्यात पेन्शनचे साधारण 81,000 होते, ते जवळपास संपले. आणि 7.44 ला जे झालं ते मला या सगळ्यात सर्वात क्रूर वाटतं. नेट बँकिंगमधून चोराने गुरुजींची दीड लाखाची मुदत ठेव मोडली. ठेव मोडली की पैसे बचत खात्यात जमा होतात, आणि तसा संदेश येतो. गुरुजींनी फोनवर बोलता बोलता वरच्या पट्टीत एक नजर टाकली, '1,50,000 जमा' एवढं वाचलं, आणि त्यांना वाटलं काहीतरी पैसे परत आले. तिकडून सांगितलं, "अपडेट हो रहा है सर, दो घंटे फोन को हाथ मत लगाइए, उल्टा करके रख दीजिए." त्यांनी फोन टीव्हीशेजारी पालथा ठेवला.

8.10 ते 10.30

काकूंनी सात-आठ मिनिटं वाट पाहून विचारलं, "अहो, झालं का लाईटचं?" गुरुजींनी खात्री करायला फोन उचलला. 8 वाजून 10 मिनिटं झाली होती. संदेश क्रमाने वाचले तेव्हा सगळं लख्ख दिसलं.

त्यांनी काकूंना सांगितलं, "झालं."

पुढचे दोन तास वीस मिनिटं घरात कुणालाच काही कळलं नाही. जेवणं झाली. बातम्या लागल्या. साडेनऊ वाजले, लाईट गेली नाही, काकू म्हणाल्या, बरं झालं वेळेवर फोन केलात. गुरुजी अंगणात जाऊन त्या क्रमांकावर पुन्हा पुन्हा फोन करत होते. कॉलच्या यादीत अकरा कॉल आहेत. त्यातला एक उचलला गेला, चार मिनिटांचा. त्या चार मिनिटांत चोराने त्यांना सांगितलं की चुकून जास्त रक्कम कापली गेली आहे, सकाळपर्यंत परत येईल, "लेकिन सर, कंप्लेंट मत करना, कंप्लेंट किया तो रिफंड अटक जाएगा."

गुरुजींनी हे खरं मानलं का? माझ्यापाशी ते मोकळेपणाने बोलले. विश्वास नव्हता, पण विश्वास ठेवावासा वाटत होता. पैसे परत आले असते तर कुणाला सांगावंच लागलं नसतं. गावातली माणसं सातबाऱ्याचे, बँकेचे, विम्याचे कागद त्यांच्याकडे वाचायला घेऊन येतात. वाचल्याशिवाय सही करू नका, हे त्यांनी दोन पिढ्यांना शिकवलं. मुलाला काय सांगायचं, हा प्रश्न त्यांना पैशांपेक्षा मोठा वाटला.

म्हणून म्हणते, ती गप्प राहण्याची वेळ गुरुजींच्या स्वभावातून आपोआप आलेली नाही. ती घडवून आणलेली आहे. फोन पालथा ठेवायला सांगणं, दोन तासांची मुदत, तक्रार केली तर पैसे अडकतील ही भीती, हे सगळं त्याच धंद्याचे भाग आहेत. चोराला ठेवीचे पैसे बाहेर काढायला वेळ हवा असतो. खात्यातून एका दमात सगळं जात नाही, व्यवहारांना मर्यादा असतात, नव्या ठिकाणी पैसे पाठवताना बँका अडथळे घालतात. त्यामुळे तो वेगवेगळ्या वाटांनी, थोडं थोडं काढतो. 9.05 ला 40,000 गेले, क्रेडिट कार्डाचं बिल भरून देणाऱ्या एका सेवेतून. 9.50 ला 30,000 एका वॉलेटमध्ये. दोन्ही वेळा ओटीपी गुरुजींच्याच फोनवर आले आणि त्या दुसऱ्या फाईलने ते पुढे पाठवून दिले. गुरुजींनी त्या वेळी कुणाला एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं. "ओटीपी दिला आणि फसले" या वाक्यात हे 70,000 बसत नाहीत.

साडेदहाला पुण्याहून सुनेचा रोजचा फोन आला, काकूंच्या मोबाईलवर. गुरुजींचा आवाज ऐकून तिने विचारलं, "आण्णा, बरं नाही का?" आणि मग त्यांनी सांगितलं.

सूनबाईंनी काय केलं

ती बँकेत नाही, पोलिसात नाही, एका शाळेत नोकरी करते. पण तिने का केलं, कसं दिलंत, असं एकदाही विचारलं नाही. पहिलं वाक्य: "आण्णा, तुमचा फोन आधी फ्लाइट मोडवर टाका. बाकीचं नंतर बोलू." नेट तुटलं की स्क्रीन दिसणं बंद आणि संदेश पुढे जाणंही बंद.

दुसरं, काकूंच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला कॉल, 10.44 ला. तिसरं, तिने स्वतः पुण्यातून 1930 लावला. ही केंद्रीय गृह मंत्रालयाची आर्थिक सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. एप्रिल 2021 मध्ये ती 155260 या क्रमांकाने सुरू झाली, पुढे 1930 झाली. तिचं काम गुन्हेगार पकडणं हे नाही, पैशाचा माग काढणं हे आहे. तक्रार नोंदली की ती रक्कम ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये गेली तिथे लगेच सूचना जाते आणि पैसे तिथेच असतील तर ते गोठवले जातात. तिथून पुढे गेले असतील तर सूचना पुढच्या ठिकाणी जाते. म्हणून इथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब चालतो. 1930 वर विचारतात त्या गोष्टी ठराविक आहेत: बँकेचं नाव, खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर 24 तासांच्या आत सविस्तर तक्रार भरायची.

9.50 ला वॉलेटमध्ये गेलेले 30,000 रुपये अजून तिथेच होते. ते गोठले. आधीचे 74,500 आणि 40,000 कधीच पुढे सरकले होते.

बँकेच्या हेल्पलाइनवर मात्र एक गफलत झाली. समोरच्या मुलीने तक्रार घेतली, तक्रार क्रमांक दिला आणि डेबिट कार्ड बंद केलं. फक्त कार्ड. चोरी नेट बँकिंगमधून होत होती, ते चालूच राहिलं. तक्रार क्रमांकाचा संदेश यावा म्हणून 11 वाजून गेल्यावर गुरुजींचा फोन फ्लाइट मोडवरून काढला गेला, आणि 11.12 ला आणखी 20,000 गेले. सूनबाईंनी पुन्हा फोन करून नेट बँकिंग, यूपीआय, मोबाईल बँकिंग, एकेक नाव घेऊन सगळं बंद करून घेतलं. गुरुजींचं सिमकार्ड काढून काकूंच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. खात्यात त्या वेळी साडेसहासष्ट हजार आणि वर काही उरले होते. ते वाचले.

कार्ड बंद म्हणजे खातं बंद नव्हे, हे रात्री अकरा वाजता घाबरलेल्या माणसाने ओळखावं अशी अपेक्षा बँकेने का ठेवावी? फसवणुकीची तक्रार येताच पैसे बाहेर जाण्याच्या सगळ्या वाटा एकदम बंद करणं आणि सकाळी ग्राहकाला विचारून हव्या त्या उघडणं, हे बँकेला अवघड नाही.

पत्रव्यवहार

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार झाली. भारतीय दंड संहितेचं फसवणुकीचं कलम 420, माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66 क आणि 66 ड ही ओळखचोरी व तोतयेगिरीची कलमं. बँकेत लेखी अर्ज दिला. महिन्याभराने उत्तर आलं, चार ओळींचं: ग्राहकाने गोपनीय माहिती स्वतः उघड केल्यामुळे बँक जबाबदार नाही.

बहुतेक लोक इथे थांबतात. हे पत्र वाचून गुरुजीही म्हणाले, चूक माझीच आहे, आता काय भांडायचं. पण त्या वेळी लागू असलेलं रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक असं सरसकट बोलत नाही. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्यात टप्प्याटप्प्याने ठरवलं आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, व्यवस्थेत इतरत्र असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की तेव्हाही शून्य, चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. आणि ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, त्याने पासवर्ड वगैरे दिला असेल, तरी नियम हा आहे: बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं.

म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमातही हिशेबाची रेघ ओटीपीवर ओढलेली नाही, कळवण्याच्या वेळेवर ओढलेली आहे. गुरुजींच्या बाबतीत ती रेघ 10 वाजून 44 मिनिटांवर पडते. 11.12 चे 20,000 रेघेच्या पलीकडे. ते बँकेने द्यायचे, मग 7 वाजून 20 मिनिटांनी गुरुजींनी काहीही केलेलं असो. त्याच परिपत्रकात म्हटलं आहे की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, तक्रारीचा निपटारा 90 दिवसांत व्हायला हवा, आणि तक्रार कधी आली याची वेळ बँकेच्या यंत्रणेत नोंदलेली असायला हवी.

आम्ही दुसरा अर्ज लिहिला तो दोन पानांचा. पहिल्या पानावर वेळापत्रक: काकूंच्या फोनवरून कॉल 10.44, तक्रार क्रमांकाचा संदेश, पैसे गेल्याची वेळ 11.12. सोबत कॉलच्या यादीचा फोटो. दुसऱ्या पानावर परिपत्रकातला तो नियम आणि एकच मागणी. मोबाईलचं बिल, टीव्ही चॅनेलवरची बातमी, गुरुजींचं वय, असलं काही त्यात घातलं नाही. बँकेने तरी नकार दिला. मग रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार केली. ही योजना 12 नोव्हेंबर 2021 पासून लागू झाली, तक्रार ऑनलाईन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. मुख्य अट ही की आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, आणि बँकेने नकार दिलेला हवा किंवा 30 दिवसांत उत्तर दिलेलं नसावं. लोकपालांकडून बँकेला विचारणा गेल्यावर, निर्णय होण्याआधीच 20,000 खात्यात जमा झाले.

गोठवलेले 30,000 परत मिळवायला त्याहून वेळ लागला. गोठवलेला पैसा आपोआप परत येत नाही, हे अनेकांना माहीत नसतं आणि वाट पाहत बसतात. गुरुजींच्या वेळी तो तपासातला मुद्देमाल धरला गेला आणि सोडवायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागला. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 457 खाली अर्ज करावा लागला (आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम 503 आहे). तालुक्याच्या कोर्टात काही खेपा झाल्या, पोलिसांचा अहवाल आला, आदेश निघाला, पैसे आले.

आज हीच चाल कुठे दिसते

वीजबिलाचा संदेश आता लोकांनी बराचसा ओळखला आहे, त्यामुळे चोरांनी नाव बदललं. मुंबईत पाइप गॅसच्या बिलाचा संदेश येतो. वाहनचालकांना ई-चलानाच्या नावाने फाईल येते. बँकेची केवायसी, पेन्शनधारकांचा हयातीचा दाखला, कुठलंही निमित्त चालतं. फरक एवढाच की आता लांबून स्क्रीन बघायच्या ॲपऐवजी व्हॉट्सॲपवर थेट फाईल पाठवण्याकडे कल आहे, जिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. गुरुजींच्या फोनवर आलेली दुसरी फाईल त्याच जातीची होती. कुठलंही सरकारी खातं, वीज कंपनी किंवा बँक व्हॉट्सॲपवरून ॲप पाठवत नाही. घरातल्या वयस्कर माणसाच्या फोनमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप उतरवण्याची परवानगी बंद करून ठेवता येते, सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. आणि काही बँकांत नेट बँकिंगला फक्त पाहण्यापुरता अधिकार ठेवता येतो. ज्यांना ऑनलाईन ठेव मोडायचीच नाही, त्यांच्यासाठी तोच योग्य.

पण माझं म्हणणं मुलामुलींना जास्त आहे. आईवडिलांना ओटीपी कुणाला देऊ नका असं आपण सारखं सांगतो. त्याच्या जोडीला हेही सांगून ठेवा: दिलात तरी आम्ही रागावणार नाही, फक्त त्याच मिनिटाला फोन करा. हे आधी सांगितलेलं असावं लागतं. 8.10 ला अंगणात उभ्या असलेल्या माणसाला ते आपोआप सुचत नाही.

गुरुजींचे 1,64,500 पैकी 50,000 परत आले. 1,14,500 गेले ते गेले. ज्या सिमकार्डवरून फोन आले ते परराज्यातल्या एका माणसाच्या नावावर निघालं, आणि आपल्या नावावर असं कार्ड आहे हे त्याला माहीतच नव्हतं. तपास तिथे थांबला आहे. गुरुजींनी उरलेल्या पैशांची नवी ठेव केली, पावती घेतली, आणि नेट बँकिंगचे व्यवहाराचे अधिकार शाखेत जाऊन लेखी अर्ज देऊन काढून घेतले. तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्यांनी नंतर हे सगळं उभं राहून सांगितलं, वेळांसकट. सभा संपल्यावर दोघे जण त्यांना बाजूला घेऊन म्हणाले की आमचंही असंच झालंय, घरात अजून कुणाला माहीत नाही. त्यातल्या एकाची तक्रार त्याच दिवशी संध्याकाळी 1930 वर नोंदवली गेली.